‘साधा हिशोब’ शिकवणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया वाचली. बजेट कमी आणि महिन्याला जेमतेम वीस काळी पानं छापायची असतील तर साधा मोनो लेझर, म्हणजे फक्त काळं छापणारा लेझर प्रिंटर घ्यावा, हे माझ्या लेखातलं म्हणणं तुम्हाला पटलं नाही. हरकत नाही. पण ‘सगळ्यात स्वस्त इंकजेट घ्या, शाई संपली की कार्ट्रिज बदला, इतका साधा हिशोब लेखकाला जमू नये?’ ही कुठली बोलायची रीत? निम्मं आयुष्य प्रिंटर उघडून दुरुस्त करण्यात गेलंय, भागाकार येतो मला.

तर हिशोबच करू. कार्ट्रिजच्या खोक्यावर समजा १८० पानं लिहिली आहेत. असे आकडे साधारणपणे आयएसओ २४७११ या मानकाने काढतात, म्हणजे ठरावीक नमुना पानं शाई संपेपर्यंत जवळपास सलग छापून. तुम्ही छापणार आठवड्याला चार-पाच. मधल्या दिवसांत नोझलच्या, म्हणजे शाई फवारणाऱ्या बारीक छिद्रांच्या तोंडाशी शाई घट्ट होते, पुढचं पान पांढऱ्या आडव्या रेघा घेऊन बाहेर येतं आणि मग हेड क्लीनिंग, म्हणजे ही छिद्रं असलेल्या हेडची सफाई सुरू होतं. त्यात जाणारी शाई कागदाला लागतच नाही. पंप ती खेचतो आणि खालच्या वेस्ट पॅडमध्ये, वाया गेलेली शाई शोषणाऱ्या गादीत सोडतो. डीप क्लीनिंग तर त्याहून जास्त पितं. शिवाय अनेक मॉडेलमध्ये काळं पान छापतानाही क्लीनिंगमध्ये रंगीत शाई खर्च होते. पुढे पॅडचा काउंटर भरला की प्रिंटर छापणंच बंद करतो. मग १८० ने भागून काढलेला तुमचा पानामागचा खर्च कुठे राहिला?

यात भर घालतं भिंतीवरचं बटण. प्रिंटरचं स्वतःचं बटण दाबलं की हेड एका टोकाला सरकून रबरी टोपीवर बसतं आणि नोझल झाकले जातात. हेड वाटेत असताना वीज तोडली तर ते उघडेच राहतात. म्हणून आधी प्रिंटर बंद, दिवा विझू द्या, मग भिंतीवरचं.

लेझरमध्ये शाईच्या जागी असतो तो टोनर ही कोरडी भुकटी. महिनोन्‌महिने पडून राहिली तरी तिच्यात सुकण्यासारखं काही नाही. माझा सगळा मुद्दा एवढाच होता.

एक मान्य करतो: फोटोंबद्दल लेखात एकच ओळ आहे, आणि फोटोंसाठी लेझर कामाचा नाही. तसंच प्रिंटरसोबत येणारा टोनर बहुतेकदा कमी भरलेला असतो, तेव्हा पूर्ण टोनरची किंमत आणि पानं विचारूनच मॉडेल ठरवा. ड्रम, म्हणजे भुकटी कागदावर उमटवणारा रूळ, टोनरच्या कार्ट्रिजमध्येच आहे की वेगळा, हेही बघा. वेगळा असेल तर तो खर्च पुढे कधीतरी येणारच.

बाकी मुद्दे किरकोळ आहेत. वीज? टोनर कागदावर वितळवून पक्का करणारा फ्यूझर तापताना लोड एकदम चढतो, म्हणून लेझर छोट्या यूपीएसवर लावू नये; पण वीस पानांनी बिल वाढत नाही. ‘इंक टँक (बाटलीने शाई भरायचा प्रिंटर) का नाही?’ महिन्याला शेकडो पानं असतील तर जरूर घ्या, लेखात तेच लिहिलंय. शेवटपर्यंत वाचला असतात तर दिसलं असतं.

कंपनीकडून किती मिळाले, या प्रश्नाला मी उत्तर देत नाही.