कावळा, फांदी आणि सोन्याची अंगठी

कोच व्हायचंय म्हणता? जरूर व्हा. पण व्हायचंच तर चॅम्पियन कोच व्हा. साध्या कोचच्या गळ्यात तीच शिट्टी असते आणि घसाही तेवढाच बसतो. फरक असतो तो शेजारी कोण उभं आहे याचा.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असं आपण म्हणतो आणि कावळ्याला हसतो. तुम्ही हसू नका. कुठली फांदी मोडायला आली आहे ते हेरून वेळेवर जाऊन बसणं हीच तर विद्या आहे. आणि एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेत, फांदी तुटली की कावळ्याला अजिंक्यपदाची हिरे जडवलेली अंगठीही मिळते.

सुरुवात हरण्यापासून करा. मात्र हरायचं ते बरोबर वर्ष बघून. सॅन अँटोनियो स्पर्सचा जनरल मॅनेजर ग्रेग पोपोविच याने डिसेंबर 1996 मध्ये कोच बॉब हिलला नारळ दिला आणि त्या खुर्चीत स्वतःच बसला. संघाचा आधार डेव्हिड रॉबिन्सन जवळजवळ सगळा मोसम जायबंदी होता. पोपोविचच्या हाताखाली स्पर्सने 17 सामने जिंकले, 47 हरले. आपल्याकडे एवढ्यावर आळीतल्या गणेश मंडळाचा खजिनदारसुद्धा बदलतात. पण एनबीएत हरणाऱ्यांसाठी लॉटरी असते. डब्यात पिंगपाँगचे चेंडू फिरतात आणि कॉलेजातून येणाऱ्या पोरांमध्ये पहिली निवड कोणाची ते ठरतं. 1997 साली ती स्पर्सची ठरली आणि टिम डंकन नावाचा हिरा घरी आला. पुढे 1999, 2003, 2005, 2007 आणि 2014, अशी पाच अजिंक्यपदं.

तुम्ही म्हणाल, हे तर कोणालाही जमेल. रिक पिटिनोलाही तसंच वाटलं असावं. त्याच उन्हाळ्यात तो बॉस्टन सेल्टिक्सचा कोच झाला. सेल्टिक्सने 67 सामने हरून दाखवले होते, म्हणजे स्पर्सपेक्षा जास्त मेहनत घेतली होती. लॉटरीत चिठ्ठ्याही त्यांच्याच जास्त होत्या. निघाला तिसरा आणि सहावा नंबर. तिसऱ्यावर घेतलेला चॉन्सी बिलप्स पिटिनोने पहिला मोसम संपायच्या आतच दुसऱ्या संघाला देऊन टाकला. 2004 मध्ये हाच बिलप्स डेट्रॉइटकडून फायनलचा सर्वोत्तम खेळाडू झाला. तोवर पिटिनोला बॉस्टन सोडून तीन वर्षं झाली होती. पोपोविचच्या नेतृत्वगुणांवर व्याख्यानं झडतात, त्या चेंडूंचा सत्कार मात्र कोणी करत नाही. खुद्द पोपोविचने तो केला असता. डंकन निवृत्त झाला तेव्हा त्याने सरळ सांगितलं, की हा नसता तर मी आज इथे उभा नसतो. असला प्रामाणिकपणा तुम्ही करू नका. पाच अंगठ्या असलेल्याला तो परवडतो.

हरण्याइतका धीर नसेल तर दुसरा मार्ग आहे: आयत्या बिळावरचा नागोबा. त्यासाठी लॉस एंजलिस लेकर्सचा इतिहास पाठ करा. 1979 च्या मोसमात जॅक मॅकिनी लेकर्सचे कोच झाले. संघात करीम अब्दुल-जब्बार आधीच होता आणि मॅजिक जॉन्सन नुकताच आला होता. चेंडू हातात आला की सगळ्यांनी पळत सुटायचं, हा खेळ मॅकिनींनी बसवला. मोसमाला महिनाही झाला नव्हता, तेव्हा नोव्हेंबरमध्ये एका सकाळी ते सायकल घेऊन टेनिस खेळायला निघाले. वाटेत सायकलवरून पडले आणि डोक्याला जबर मार लागला. टेनिस कोर्टवर त्यांची वाट बघत होता त्यांनीच आणलेला असिस्टंट, पॉल वेस्टहेड.

वेस्टहेडकडे संघ आला. त्याने मदतीला रेडिओवर लेकर्सचं समालोचन करणारा एक माजी खेळाडू घेतला. त्याचं नाव पॅट रायली. 1980 च्या फायनलमध्ये फिलाडेल्फियातल्या सहाव्या सामन्याला करीमचा घोटा दुखावलेला होता, म्हणून वीस वर्षांचा मॅजिक त्याच्या जागी उभा राहिला आणि त्याने 42 गुण काढले. लेकर्स चॅम्पियन. वेस्टहेड चॅम्पियन कोच. मॅकिनी बरे होऊन बघतात तर खुर्ची गेलेली. ते इंडियानाला गेले आणि 1981 मध्ये वर्षातले सर्वोत्तम कोच ठरले, पण ती बातमी आज कोणाला आठवते?

नागोबाचंही बीळ सुटतं. नोव्हेंबर 1981 मध्ये मॅजिकने जाहीरपणे सांगितलं, की मला इथे राहायचं नाही. वेस्टहेडला लगोलग नारळ मिळाला. नवा कोच जाहीर करायला पत्रकार परिषद बोलावली, तर मुख्य कोच कोण हे मालक जेरी बसलाच धड सांगता येईना. शेवटी शेजारी उभ्या असलेल्या माजी कोच जेरी वेस्टने, मी फक्त पॅटला मदत करणार आहे, असं सांगून गाडी रुळावर आणली. तर असा पॅट रायली कोच झाला, आणि 1982, 1985, 1987, 1988 ही चार वर्षं जिंकला. केस चापून मागे बसवलेले, अंगात भारी सूट. सलग तिसऱ्यांदा जिंकणार म्हणून 'थ्री-पीट' या शब्दाचा ट्रेडमार्कही त्याने घेऊन ठेवला. 1989 च्या फायनलमध्ये डेट्रॉइटने लेकर्सना 4-0 ने धुतलं ही गोष्ट वेगळी. चार वर्षांनी सलग तिसऱ्या अजिंक्यपदाचा पराक्रम शिकागो बुल्सने केला, आणि त्या शब्दाच्या टी-शर्टांतून पैसे मात्र रायलीला मिळाले. दुसरा जिंकला तरी आपल्या खिशात चार पैसे यावेत, अशी सोय याआधी कोणत्या कोचने केली होती?

आता टाइमआउटची, म्हणजे खेळ थांबवून मागून घेतलेल्या विश्रांतीची कला. टीव्हीवर कोच खरा दिसतो तो तेवढ्यात. गुडघ्यावर बसायचं, बोर्डावर मार्करने गोल, फुल्या आणि बाण काढायचे. बाण भरपूर असावेत. खेळाडू घाम पुसत दुसरीकडे बघत असले तरी चालेल, कॅमेरा तुमच्याकडे बघत असतो. 10 मे 2015 ला शिकागोत क्लीव्हलँड कॅव्हेलियर्सचा कोच डेव्हिड ब्लॅट शेवटच्या काही सेकंदांत टाइमआउट मागायला कोर्टात धावला. संघाकडे एकही टाइमआउट शिल्लक नव्हता. पंचाच्या लक्षात येण्याआधी असिस्टंट टायरन लूने त्याला ओढून मागे आणलं म्हणून निभावलं. मग मिळालेल्या उसंतीत ब्लॅटने बोर्डावर चाल आखली. तिच्यात संघाचा हुकमी एक्का लेब्रॉन जेम्सने बाहेरून चेंडू आत टाकायचा होता. म्हणजे लग्नात नवऱ्या मुलाला वाढपी करायचं. लेब्रॉनने ती चाल रद्द केली, चेंडू स्वतः घेतला, कोपऱ्यातून टाकला आणि सामना जिंकला. वर पत्रकारांना हे सगळं सांगूनही टाकलं. तो विजय ब्लॅटच्याच नावावर आहे.

हे लिहिताना मला आमच्या शाळेचे खेळाचे सर आठवतात. बास्केटबॉलची त्यांची सगळी विद्या 'पास दे रे, पास दे' या एका वाक्यात मावायची. आमच्यात एक सहा फूट दोन इंचाचा मुलगा होता. तो कोणालाच पास देत नसे आणि त्यामुळेच आम्ही जिल्ह्यात पहिले आलो. ढालीचा फोटो अजून शाळेच्या ऑफिसबाहेर आहे. मधोमध सर, हातात ढाल, छाती पुढे. तो मुलगा मागच्या रांगेत, आणि फ्रेममध्ये बसवताना फोटो वरून कापावा लागला म्हणून त्याचं कपाळ गेलेलं. नाकापासून खाली ओळखू येतो.

तरी आमचे सर निदान मैदानात हजर असत. तीही गरज नाही. स्टीव्ह करच्या पाठीचं ऑपरेशन झालं म्हणून गोल्डन स्टेट वॉरियर्सने 2015-16 चा मोसम ल्यूक वॉल्टन या असिस्टंटच्या हाती सुरू केला. वॉरियर्सनी पहिले 24 सामने ओळीने जिंकले. कर परतला तेव्हा हिशेब होता 39 विजय, 4 पराभव. एनबीएच्या नियमाने हे सगळे विजय करच्या खात्यात गेले. वॉल्टनला महिन्याचा सर्वोत्तम कोच म्हणून पुरस्कार मिळाला, तेव्हा त्याच्या नावावर अधिकृतपणे शून्य विजय आणि शून्य पराभव होते. वर्षाचा सर्वोत्तम कोच अर्थातच कर. एकलव्याला एक दिवसही न शिकवता दक्षिणा घेतली ती द्रोणाचार्यांनी, आणि आपण कोचांच्या राष्ट्रीय पुरस्काराला नाव दिलं तेही त्यांचंच. तेव्हा अमेरिकेला नावं ठेवण्यात अर्थ नाही. वॉल्टन पुढे लेकर्सचा पूर्ण वेळ कोच झाला. तिथे तीन मोसमांत 98 विजय आणि 148 पराभव. हे मात्र सगळे त्याच्याच खात्यात.

इथे एक धोक्याची सूचना. पारावर बसून 'कोच काय, कोणीही जिंकला असता' असं म्हणायला लागलात, तर समोरचा फिल जॅक्सनचं नाव काढेल. विषय बदला. अकरा अजिंक्यपदांचा हा माणूस आपल्या सिद्धांताच्या आड येतो. शिकागो बुल्सकडे मायकल जॉर्डन होता म्हणून जिंकला म्हणावं, तर जॉर्डन 1984 पासूनच बुल्समध्ये होता. 1986 मध्ये त्याने बॉस्टनविरुद्ध एका सामन्यात 63 गुण केले आणि संघ तरी हरला. जॅक्सन 1989 मध्ये कोच झाला, तोवर जॉर्डनच्या बोटात एकही अंगठी नव्हती. शॅकील ओनील आणि कोबी ब्रायंट 1996 पासून लेकर्समध्ये एकत्र होते. जॅक्सन 1999 मध्ये आला आणि पुढची तिन्ही वर्षं लेकर्स जिंकले. जॉर्डन बेसबॉल खेळायला निघून गेला त्या 1993-94 च्या मोसमात लोक बुल्सचा बारावा घालायच्या तयारीत होते. संघाने 55 सामने जिंकले, आदल्या वर्षीपेक्षा फक्त दोन कमी. प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांत, न्यूयॉर्क निक्सविरुद्ध 1.8 सेकंद उरले असताना जॅक्सनने शेवटचा फटका टोनी कुकोचसाठी आखला. स्कॉटी पिपेन रुसला आणि बेंचवरून उठलाच नाही. कुकोचने चेंडू बास्केटमध्ये टाकला. असल्या वेळी कावळ्याने फांदी थोडी कुरतडली होती हे मान्य करावं लागतं, आणि मग आपल्या लेखाचं काय होणार?

तरी अगदीच अडलात तर दोन हुकमी पत्ते हातात ठेवा. जॅक्सनचा प्रसिद्ध त्रिकोणी खेळ शिकवला तो टेक्स विंटर या म्हाताऱ्या असिस्टंटने, आणि विंटर बुल्समध्ये जॅक्सनच्याही आधीपासून होते. दुसरा पत्ता न्यूयॉर्क निक्सचा. 2014 मध्ये जॅक्सन तिथे अध्यक्ष झाला आणि तोच त्रिकोण घेऊन आला. तीन मोसमांत निक्स 80 सामने जिंकले, 166 हरले. त्रिकोणाला तीन कोपरे होते, पण एकाही कोपऱ्यात जॉर्डन उभा नव्हता. हे सांगा आणि समोरच्याने तोंड उघडण्याआधी चहा मागवा.

श्रेयाची व्यवस्था झाली, आता निरोपाची करून ठेवा. अंगठी मिळाली म्हणून घराचं कर्ज काढू नका. 2019 ते 2023 या पाच वर्षांत जिंकलेले कोच मोजा: निक नर्स, फ्रँक व्होगेल, माइक ब्युडनहोल्झर, स्टीव्ह कर, मायकल मलोन. यातला कर सोडला तर बाकी चौघांनाही जिंकून दिलेल्या संघानेच नारळ दिला. मलोनला तर एप्रिल 2025 मध्ये, साखळीचे तीनच सामने उरले असताना. टोरांटोच्या ड्वेन केसीची कथा याहून सुरस. 2018 मध्ये 59 सामने जिंकून देऊनही मे महिन्यात त्याची नोकरी गेली आणि जूनमध्ये त्यालाच वर्षातला सर्वोत्तम कोच म्हणून गौरवलं. पुरस्कार घ्यायला तो बेकार म्हणून आला नाही, एवढंच काय ते समाधान. तोवर डेट्रॉइटने त्याला उचललं होतं. ब्लॅटचंही तेच. जानेवारी 2016 मध्ये 30 विजय आणि 11 पराभव असताना त्याला काढलं. त्याला ओढून मागे आणणारा लू त्याच्या जागी बसला आणि त्याच जूनमध्ये चॅम्पियन झाला. 2018 च्या उन्हाळ्यात लेब्रॉन दुसरीकडे गेला. नव्या मोसमाचे पहिले सहा सामने हरल्यावर लूही घरी.

यातून सुटायचं तर बिल रसेलसारखं करा, कावळाही आपणच आणि फांदीही आपणच. बॉस्टनचा रेड ऑयरबाख नऊ अजिंक्यपदं जिंकून, विजयाचा सिगार विझवून 1966 मध्ये बाजूला झाला. कोच कोण, तर संघाचा सेंटर रसेलच. त्याने स्वतःलाच खेळवलं आणि 1968 व 1969 मध्ये जिंकला. नंतर तो सिएटल आणि सॅक्रामेंटोमध्ये कोच झाला. अजिंक्यपद एकाही ठिकाणी नाही. कोच रसेल तोच होता. त्याच्याकडे खेळाडू रसेल नव्हता.

तुमची उंची सहा फूट दहा इंच नसेल, आणि बहुतेक नसेलच, तर शेवटचा उपाय पुन्हा करकडूनच घ्या. 12 फेब्रुवारी 2018 ला फिनिक्सविरुद्ध त्याने टाइमआउटमध्ये बोर्ड आणि मार्कर सरळ खेळाडूंच्या हातात दिले. महिनाभर पोरं माझं ऐकत नाहीत, माझ्या आवाजाला कंटाळली आहेत, असं त्याचं म्हणणं. आंद्रे इग्वोडाला, ड्रेमंड ग्रीन वगैरे मंडळींनी आळीपाळीने बाण काढले आणि कर बाजूला उभा राहून बघत राहिला. वॉरियर्स 129-83 ने जिंकले. करच्या खात्यात आणखी एक विजय जमा.

तेव्हा बोर्ड खुशाल देऊन टाका. मार्करचं टोपण मात्र खिशात असू द्या. सामना संपला की पोरं ते शोधत तुमच्याभोवती गोळा होतात, आणि फोटो नेमका तेव्हाच निघतो.