आउटमधून इनमध्ये

१९८० च्या दशकातल्या बहुतेक आयबीएम धर्तीच्या पीसींना गळा असा नव्हताच. पेटीच्या पोटात एक चिमुकला स्पीकर असे आणि गेममधला राजा मरो की राजकन्या सापडो, तो एकाच चिरक्या आवाजात ती बातमी देत असे. रोलँड कंपनीने १९८७ साली एमटी-३२ नावाचा साउंड मॉड्यूल, म्हणजे वाद्यांचे आवाज काढणारी पेटी, काढला तो खरे तर हौशी वादकांसाठी. पण पुढच्याच वर्षी 'किंग्ज क्वेस्ट ४' या गेमने त्याच्यासाठी संगीत रचून घेतले, आणि संगणकाने फक्त कोणता स्वर केव्हा आणि किती जोरात एवढे कळवावे, गाण्याचे काम शेजारच्या पेटीने करावे, ही सोय गेम खेळणाऱ्यांना ठाऊक झाली. ही वार्ता माझ्यापर्यंत पोचली तेव्हा मी पन्नाशीला आलो होतो, ठाण्यात नौपाड्याला राहत होतो आणि माझ्याकडे मोडीत निघालेला एक ४८६ संगणक होता, ज्याचा उल्लेख घरातली मंडळी 'तो' एवढ्याच सर्वनामाने करतात.

मॉड्यूल भाच्याने जपानहून बॅगेतून आणला. सोबतचा अडॅप्टर जपानच्या १०० व्होल्टवर वाढलेला. आपल्या २३० व्होल्टशी ओळख होताच त्याने प्राण सोडला असता, म्हणून त्याला कपाटात ठेवून मी दुसऱ्याच्या शोधात स्टेशनकडे निघालो. अशा उपकरणांवर जॅकसंबंधी एक बारीक चित्र असते: मधे ठिपका, त्याभोवती अर्धवट वर्तुळ, आणि दोघांपासून निघालेल्या रेघांच्या टोकांना अधिक-उणेची चिन्हे. राउटरपासून सेट-टॉप बॉक्सपर्यंत घरोघरचे बहुतेक अडॅप्टर मध्यभागी अधिक ठेवतात. एमटी-३२ ला ९ व्होल्ट हवेत आणि मध्यभागी उणे हवे. दुकानदाराला मी हे चित्र मोबाइलवर मोठे करून दाखवले.

"साहेब, नऊचाच पाहिजे ना? मग हा घ्या. सगळ्यांना हाच देतो."

"पण ह्याच्या मधे अधिक आहे."

"मग उलटा लावा."

गोल पिन उलटी कशी लावतात हे शिकून घेण्याची मला मनापासून इच्छा होती. पण माझ्या मागे मोबाइलचे चार्जर मागणाऱ्यांची रांग होती आणि त्या रांगेला भौतिकशास्त्रात रस दिसत नव्हता. मी घरी आलो.

उपाय इमारतीतच निघाला. आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण राहतो. तो ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवतो, त्यामुळे सोसायटीत त्याची ख्याती 'रात्री दोनला लिफ्टचे दार आपटणारा' अशी आहे. त्याने चित्र पाहिले आणि म्हणाला, "काका, हा तर गिटारच्या पेडलचा अडॅप्टर. नऊ व्होल्ट, मधे उणे. आमच्या गिटारवाल्याकडे पडलाय एक." तो अडॅप्टर लावताच मॉड्यूलच्या छोट्या पडद्यावर अक्षरे उमटली. इथपर्यंत येण्यात माझे निम्मे आयुष्य नाही, तरी निम्मा उत्साह खर्च झाला होता.

आता राहिली वायर. स्वरांचे हे निरोप यंत्रायंत्रांत पाठवण्याच्या ठरलेल्या पद्धतीला मिडी म्हणतात. मिडीचा प्लग पाच पिनांचा आणि गोल. जुन्या संगणकाच्या कीबोर्डलाही दिसायला हुबेहूब तोच प्लग असतो, त्यामुळे ज्या दुकानात मी मिडी केबल मागितली तिथे कीबोर्डची एक्स्टेन्शन वायर मोठ्या अभिमानाने काढून दाखवण्यात आली. शेवटी मागवली ती केबल एका टोकाला साउंड कार्डाच्या जॉयस्टिक पोर्टमध्ये बसते. त्या पोर्टच्या १५ पिनांपैकी १२ वी मिडी बाहेर पाठवते आणि १५ वी आत घेते. दुसऱ्या टोकाला दोन शेपट्या आणि त्यांवर 'इन' आणि 'आउट' असे शिक्के. "आउटमधून इनमध्ये जायचं, बस," वरच्या मजल्यावरचे शास्त्र सांगत होते. शास्त्र बरोबरच आहे. घोळ शिक्क्याचा आहे. 'आउट' लिहिलेल्या शेपटीतून संगणकाचे निरोप बाहेर पडतात, की ती शेपटी मॉड्यूलच्या 'आउट' नावाच्या भोकात खुपसायची, याबाबत केबल करणाऱ्यांमध्ये दोन पंथ आहेत आणि आपली केबल कोणत्या पंथाची हे पाकिटावर लिहिलेले नसते.

बरे, चुकीच्या भोकात गेले तर निदान ओरड तरी व्हावी. तीही होत नाही, आणि या सगळ्या छळाचे मूळ मला तिथे सापडले. १९८३ साली ठरलेल्या मूळ मिडीत संगणक सेकंदाला ३१,२५० बिटांच्या गतीने फर्माने सोडत राहतो आणि ती कोणाला पोचली का, याची पोच मागण्याची पद्धतच त्यात नाही. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी फलकावर सूचना लावतात आणि ती सर्वांनी वाचली असे गृहीत धरून दुसऱ्या दिवसापासून दंड आकारतात, तसाच हा कारभार. पडद्यावर राजा सिंहासनावरून उठतो, दरबार भरतो, गेमच्या मते पार्श्वसंगीत दणक्यात चालू असते आणि खोलीत पंख्याची घरघर सोडून काही ऐकू येत नाही. चूक वायरीची, गेम कार्डाच्या ज्या ३३० या पत्त्यावर मिडी पाठवतो त्या पत्त्याची, की मॉड्यूलची, हे विचारायला पलीकडे कोणी नाही.

यावर एकच इलाज असतो, तो म्हणजे आवाजाचा नाद सोडून मॉड्यूलच्या पडद्याकडे पाहत बसणे. त्यावर '१ २ ३ ४ ५ आर' अशी ओळ (आकडे वाद्यांच्या भागांचे, आर तालाचा) आणि पुढे आवाजाची पातळी दिसते. एखाद्या भागाला स्वर पोचला की त्याच्या आकड्याच्या जागी भरीव चौकोन येतो. मी शेपट्यांची अदलाबदल केली आणि दोनचा चौकोन झाला. मग तीनचा. मी बायकोला हाक मारली. तिने ते चौकोन बराच वेळ पाहिले आणि विचारले, "अहो, पण वाजत कुठं आहे?" हा प्रश्न रास्त होता. मॉड्यूलचे दोन जाडे ऑडिओ जॅक साउंड कार्डाच्या बारीक लाइन-इनला जोडणारी वायर पुन्हा वरच्या मजल्यावरून आली, आणि लाइन-इनचा आवाज कार्डाच्या मिक्सरमध्ये शून्यावर असतो हे ज्ञान त्यानंतर आले.

मग गुणगुण आली. मिडी इनच्या आत ऑप्टोकपलर असतो. दोन यंत्रांचा विजेचा संबंध येऊ नये म्हणून निरोप प्रकाशाच्या ठिणगीने पलीकडे नेला जातो. इतके सोवळे पाळून झाल्यावर आपण ऑडिओची वायर लावतो आणि दोन्ही यंत्रांच्या अर्थिंगची पुन्हा गळाभेट घालून देतो. दोघांना एकाच सॉकेटवर आणले तेव्हा गुणगुण घटस्फोटापर्यंत न जाता कुरबुरीवर थांबली.

काही जुने गेम मात्र हटून बसले. त्यांना रोलँडच्या एमपीयू-४०१ या, संगणकाला मिडीशी जोडणाऱ्या इंटरफेसची 'इंटेलिजंट' पद्धत हवी असते, आणि माझ्या कार्डाला फक्त आलेला निरोप तसाच पुढे ढकलणारी यूएआरटी पद्धत येते, जिला जाणकार सरळ 'डंब' म्हणतात. सॉफ्टएमपीयू नावाचा मोफत प्रोग्राम हे बुद्धीचे सोंग वठवतो. मात्र तो मेमरीत ठाण मांडतो आणि मग जुन्या डॉसच्या ६४० केबी मेमरीत माउसला जागा उरावी म्हणून सीडी ड्राइव्हला हाकलावे लागते. दुसरी अडचण वेगाची. संथ संगणकांसाठी लिहिलेला गेम ४८६ वर पळू लागला की मॉड्यूलला आपले नवे आवाज शिकवण्याचे निरोप इतक्या घाईने पाठवतो की पडद्यावर 'बफर ओव्हरफ्लो', म्हणजे निरोप ठेवायला जागा नाही, असे उमटते. त्यासाठी डब्याच्या तोंडावरचे टर्बो बटण बंद करायचे. म्हणजे ज्या वेगासाठी ४८६ घेतात तो काढून टाकला की ४८६ व्यवस्थित चालतो.

आणि मग एका रविवारी सकाळी 'स्पेस क्वेस्ट ३' सुरू करताच मॉड्यूलच्या पडद्यावर 'इन्सर्ट बकॅझॉइड' अशी त्या गेममधल्या नाण्याची मागणी झळकली, आणि खोलीत तंतुवाद्ये, तुताऱ्या, ढोल असा सगळा ताफा उतरला. मी खुर्चीत टेकलो. पाचेक मिनिटांनी गेम बंद केला, संगणकही बंद केला. ताफा गेला, एक खर्जातला स्वर मात्र जागेवरच उभा राहिला. मिडीत 'स्वर धरा' आणि 'स्वर सोडा' हे दोन वेगळे निरोप असतात, आणि त्या काळच्या काही कार्डांना निरोपातले बाइट वाटेत सांडण्याची खोड असते. सोडायचा निरोप सांडला, की पेटी आज्ञाधारकपणे धरूनच बसते. मी धावत जाऊन मॉड्यूलचा अडॅप्टर उपटला.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला. "अरे, बंद का केलास? किती दिवसांनी घरात एक सूर स्थिर लागला होता. उद्या भजनाच्या वेळी पुन्हा लाव. फक्त जरा पांढरी चारला घे, मला आता वरचं झेपत नाही."