जरा हळू लावायचंय हो

आमच्या बेळगावात मोठा आवाज काढणं ही काही अडचण नाही. फोन केला की अर्ध्या तासात टेम्पो दारात. मला पाहिजे होता हळू आवाज आणि तिथंच सगळं बोंबललं.

शहापुरातलं आमचं जुनं घर, बोळागत लांबच लांब, मागं परडं. यंदा परड्यात फरशी घातली, दोन बाकं टाकली आणि बायको सहज म्हणाली, संध्याकाळी इथं चहा घेताना मागं कुठंतरी हळू गाणं असलं तर बरं वाटेल नाही? आमच्या घरात आजवर सगळ्यात जास्त खर्च अशा सहज म्हटलेल्या गोष्टींवरच झालाय. बाबांनी लगेच कान टवकारले, "कुमार लाव." कुमार गंधर्वांचा जन्म 1924 चा, इथल्याच सुळेभावीचा, त्यामुळं बाबा त्यांच्याबद्दल गल्लीतल्या पोरागत एकेरीत बोलतात.

पहिला प्रयोग घरच्या घरी. हॉलमधला ॲम्प (आवाज मोठा करणारं यंत्र), 8 ओमचे 4 स्पीकर, बारीक वायरचं एक बंडल, आणि एकाला एक जोडत परड्याच्या टोकापर्यंत गेलो. दाराजवळचा स्पीकर वरडतोय, टोकाचा कण्हतोय. दहा मिनिटांत ॲम्प एवढा तापला की रोज त्याच्यावर झोपणारं मांजर उठून चालतं झालं, मग लाल लाईट लागला आणि शांतता. ओम म्हणजे करंटला होणारा अडथळा, तो जेवढा कमी तेवढा ॲम्पवर ताण जास्त; 8 ओमचे 4 पॅरलल म्हणजे जेमतेम 2 ओम, हे गणित मला बारावीत येत होतं, वेळेवर आठवलं नाही एवढंच. त्यात ती बारीक वायर, 30 मीटर जाऊन-येऊन तिचेच 2 ओमच्या वर, म्हणजे टोकाच्या स्पीकरची निम्मी गाणी वाटेत वायरच ऐकत होती.

मग गेलो साऊंडवाल्याकडं.

"किती पब्लिक?"

"तिघं. बाबा धरून."

"ट्रॅक्टर आत जातोय न्हवं?"

"परड्यात लावायचंय हो, हळू."

"हळू?" त्यानं आतल्या पोराकडं बघितलं. "बरं, मग बेस एकच लावू की."

शिवजयंतीच्या चित्ररथांना आवाज पुरवणारा माणूस तो, त्याचं तरी काय चुकलं म्हणा.

शेवटी शाळा-दवाखान्यांत स्पीकर बसवणारे एक धारवाडकडचे काका भेटले. माझं वायरिंग बघून पहिलंच वाक्य, "आगंगिल्ल री." म्हणजे हे काय होणारं नाही. मग मराठीत शिरले. "काळी नदीवर लाईट तयार होतंय बघा, तिथनं 230 व्होल्टनं सोडलं असतं तर बेळगावला काय आलं असतं? व्होल्टेज चढवून पाठवायचं, दारात उतरवून घ्यायचं. आवाजाचं पण तसंच. वायर नाही, हिशोब बदलायचं."

तर त्याला 100 व्होल्ट लाईन म्हणतात. 40 वॉट आवाज 8 ओमवर न्यायचा तर सव्वादोन अँपिअर करंट लागतो, 100 व्होल्टवर 0.4 मध्ये भागतं, म्हणून वायर कमी खाते. प्रत्येक स्पीकरच्या पाठीत व्होल्टेज उतरवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर, त्याला टॅप, म्हणजे त्या स्पीकरनं किती वॉट घ्यायचे ते ठरवायच्या जोडण्या, 10, 5 आणि अडीच वॉट. ओम-बिम विसरायचं, लावलेल्या टॅपची बेरीज करायची आणि ती ॲम्पच्या वॉटच्या बरीच खाली ठेवायची. सहा स्पीकर पाच-पाचवर, झाले 30, ॲम्प 60 चा. एवढं सोपं काही असतं यावर माझा विश्वासच बसेना.

आणि तो बसला नाही तेच बरं झालं. पैसे वाचवायला जोडणी मीच केली, ॲम्प चालू केला आणि काय सांगू, हळू! इतका सुंदर हळू आवाज की मी बायकोला हाक मारली. ती आली, उभी राहिली आणि म्हणाली, "चालू कधी करणार?" आवाज पूर्ण चढवला तरी जास्वंदीवरच्या माश्या जास्त ऐकू येत होत्या. फोनवर काका म्हणाले ॲम्पच्या मागं काय लिहिलंय वाचा. तिथं 100 व्होल्टचा स्क्रू वेगळा, 8 ओमचा वेगळा, दोघांत बोटभर अंतर, आणि मी जोडलं होतं 8 ओमला. तिथनं जास्तीत जास्त 22 व्होल्ट निघतात, म्हणजे 5 वॉटच्या टॅपवर पाव वॉट. उलट चूक करून साधा स्पीकर 100 व्होल्टला लावला असता तर धूर निघाला असता, तेव्हा त्यातल्या त्यात मी शहाणाच. आणि हो, या लाईनचा शॉक बसतो, ॲम्प बंद केल्याशिवाय हात घालायचा नाही.

ॲम्प बंद करून वायर 100 व्होल्टच्या स्क्रूला लावली. आपला पाऊस माहीत आहेच, म्हणून स्पीकरच्या प्रत्येक पेटीत वायर शिरायच्या आधी खाली झोळ सोडला, पाणी झोळाच्या तळाला टपकतं, आत जात नाही. मुंग्यांना मात्र झोळाचं काय कौतुक नाही, त्या सरळ चालत गेल्या, तिसऱ्या पेटीत आता त्यांचंच घर आहे.

परवा संध्याकाळी सगळं जमलं. सहाही स्पीकर सारखे, कुठंही बसा, बोलणं बोलता येतंय आणि मागं गाणं. बायको चहाचा कप घेऊन काही न बोलता बसली, आमच्या घरात ही फार मोठी पावती. बाबा डोळे मिटून पाच मिनिटं ऐकत होते.

मग म्हणाले, "कुणाच्या तरी घरात कुमार लागलाय बघ, लांब कुठंतरी. आपलं कधी लावायचं?"