नऊ महिने आणि नव्वद कागद

गरोदर आहे हे सिद्ध करायला पोट पुरत नाही का हो? नाही! दाखला लागतो. सही-शिक्क्याचा, तोही महिन्याच्या आतला. सातव्या महिन्यात खिडकीपलीकडून विचारणा झाली, "गरोदरपण अजून चालू आहे का?" मी नुसती एक पाऊल मागे सरकून उभी राहिले. बघा, डोळे भरून बघा.

सरकारी विमा आहे, सगळं मोफत आहे! ऐकायला किती गोड. जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून सांगतेय, गरोदरपणात किमान ८ तपासण्या हव्यात. इथे पहिलीची मंजुरी येईस्तोवर तिमाही उलटली. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत करायची. माझी फाईल हलली तिसाव्यात. बाळाला काय सांगू, थांब रे जरा, साहेब रजेवर आहेत?

दवाखाना यादीत, भूलतज्ज्ञ मात्र यादीबाहेर. म्हणजे कापणार विम्यात आणि भूल स्वखर्चाने? (ओरडणं बहुतेक मोफत असावं.)

आणि अर्जातला तो रकाना : प्रसूतीची नक्की तारीख. अहो, दिलेल्या तारखेला शंभरातली जेमतेम पाच बाळं येतात! माझं आठ दिवस आधी आलं, तर म्हणे मंजुरी सोमवारपासूनची होती.

आता बाळाला विम्यात घालायचंय. त्याला जन्मदाखला हवा. दाखल्यावर नाव हवं. नाव अजून ठरलेलं नाही, आणि खिडकी एक वाजता बंद होते.