ग्रुप कोणता घेतला?

दहावीचा निकाल लागला की आमच्या लातूरकडं पोरांना पहिला प्रश्न हाच. पीसीएम की पीसीबी, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्रीसोबत गणित की बायोलॉजी? मग मराठी सोडून आयटी घ्यायचं, मार्क पडतात म्हणून. लातूर पॅटर्नला, म्हणजे टेस्टवर टेस्ट घेऊन पोरं घडवायच्या इथल्या पद्धतीला, मी नावं ठेवणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याच्या लेकराला डॉक्टर व्हायचा दुसरा रस्ता कुणी दाखवलाय? पण सोळाव्या वर्षी ‘हे आपलं नाही’ म्हणून जे विषय सुटतात, ते बहुतेकांचे कायमचेच सुटतात. माझी तक्रार तेवढीच आहे.

किल्लारीचंच घ्या. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाची रात्र, पहाटेचे चार वाजत आलेले. भूकंप ६.२ चा. याहून मोठे धक्के जगात कमी माणसं मारून गेलेत. इथं माणसं मेली ती जास्त करून दगड-मातीच्या जाड भिंतींखाली आणि धाब्याखाली, म्हणजे मातीच्या सपाट छताखाली. ते धाबं उन्हाळ्यात थंड राहायचं, म्हणून आजोबा-पणजोबांनी बांधलं. गळू नये म्हणून दरवर्षी वर पांढरी माती टाकायची, आणि ओझं वाढत जायचं. कित्येक घरांत लाकडी खण, म्हणजे खांब-तुळयांचा सांगाडा, उभेच राहिले, भिंती मात्र ढासळल्या. तेव्हाच्या नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता. म्हणजे भूगर्भवाल्यांना धाबं माहीत नव्हतं आणि गवंड्याला झोन. मधे कुणीच नव्हतं. पुढं नवी गावं वसवली, सरळ रुंद रस्त्यांची. पण जनावरं कुठं बांधायची, भावकीची घरं एकमेकांपासून किती लांब पडली, हे बांधकामाच्या नकाशात कुठून येणार?

आता औंढा नागनाथजवळ लिगो-इंडिया होतंय, गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. २०२३ साली केंद्रानं सुमारे २६०० कोटी मंजूर केले. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि मोजायचं काय, तर प्रोटॉनच्या हजाराव्या भागाहूनही कमी हालचाल. अमेरिकेतल्या हॅनफर्डच्या अशाच वेधशाळेत नोंदींमध्ये काहीतरी खटखट यायची. शोधलं तर पाइपावरच्या बर्फाला डोमकावळे चोची मारत होते! (गुरुत्वीय लहरींचा शोध घेता घेता कावळे सापडले.) लेझरवाला, भूकंपवाला, संगणकवाला, निर्वात नळीचे सांधे जोडणारा वेल्डर, यातला एकजण जरी ‘माझा विषय नाही’ म्हणाला तरी गाडी तिथंच अडते.

म्हणून क्लासवाल्या सरांना एक विनंती. वर्षातला एक रविवार टेस्ट सिरीजमधून सोडा आणि पोरांना किल्लारीला न्या. सोबत एक जुना गवंडी घ्या, आणि त्यालाच बोलू द्या.