आयडलला बसत नाही

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ ला धोका, आणि मग आमच्या शुक्रवार पेठेत बोटीची वाट बघायची, हे २०१९ ला झालं, २०२१ ला परत झालं, म्हणून पोरांनी वर्गणी काढून बोटीच्या मागं लावायचं एक जुनं, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन घेतलं आणि उद्यमनगरात एका मिस्त्रीकडनं बोअर मारून, पिस्टन-रिंगा बदलून आणलं. फुल रेसला नाद खुळा पळतंय. पण रेस सोडून आयडलला, म्हणजे नुसतं हळू चालत ठेवलं की भट... भट... फुस्स, आणि कार्बोरेटरच्या तोंडातनं पेट्रोलची शिंक.

बोळात पाण्याचा ड्रम ठेवून त्यात इंजिनचं शेपूट बुडवलं (कोरडं चालवलं तर पाणी खेचणारं रबरी इंपेलर जळतंय) आणि बघता बघता गर्दी. कोल्हापुरात आरएक्स हंड्रेड चालवलेला प्रत्येक माणूस टू-स्ट्रोकचा डॉक्टर असतोय.

"ऑइल लई झालंय लगा!"

अरे भावा, नवीन पिस्टन आहे, रनिंगला, म्हणजे नवीन पार्ट बसेपर्यंत, पेट्रोलमध्ये ऑइल पंचवीसला एक, म्हणजे लिटरला ४० मिली घालायलाच लागतंय, धूर निघणारच. तेवढ्यात वरनं मावशी ओरडल्या, "माझ्या साड्यांना धुरी देताय व्हय रे?"

एकानं न विचारता एअर स्क्रू फिरवला, दुसऱ्यानं तो उलटा फिरवला, तिसरा म्हणाला परत बोअर मारा. प्लग बघून झाले, आयडलला पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा पायलट जेट झाला, टाकीचं एअर होल उघडं आहे का तेही झालं. मग मी हँडग्लोव्हज घालून एकेक प्लगची टोपी काढून बघितली. वरच्याची काढली की इंजिन बंद, खालच्याची काढली तर आवाजात काडीचा फरक नाही. म्हणजे आयडलला खालचा सिलिंडर पगारी रजेवर!

कार्बोरेटर उतरवून रीड प्लेट काढली (रीड म्हणजे पेट्रोल-हवेचं मिश्रण आत घेणारी, पण परत बाहेर न सोडणारी झडप). खालच्या सिलिंडरच्या एका रीडच्या पातळ पत्तीखाली लाल सिलिकॉनचा, म्हणजे मिस्त्री जोड बंद करायला लावतोय त्या लुकणाचा, शेवयाएवढा धागा अडकलेला. पत्ती पूर्ण मिटतच नव्हती, त्यामुळं पिस्टन खाली आला की आत दाबलं जाणारं मिश्रण परत कार्बोरेटरातनं बाहेर. फुल रेसला सगळं इतकं झटपट चालतंय की तेवढ्या फटीनं काय फरक पडत नाही, हळू चाललं की सगळं उघडं पडतंय. नखानं धागा काढला, पत्ती सपाट बसली, आणि इंजिन आयडलला मस्त टकटकायला लागलं.

"रीडच असणार, मी म्हटलंच होतं," असं निदान चौघं तरी म्हणाले. आधी कुणाच्याच तोंडात रीड आली नव्हती.

धागा पुरावा म्हणून मिस्त्रीला दाखवला. त्यानं तो चिमटीत धरून ताणून बघितला आणि म्हणाला, "बघा, ओरिजनल माल वापरलाय. तुटतोय काय?"