संकष्टीची चणक

गोव्यातल्या माशेलमधल्या माझ्या घरापासून कुंभारजुव्याच्या बाजूला असलेल्या खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीपर्यंत (पाण्याच्या दरवाजापर्यंत) सायकलने जायला पंधरा मिनिटे लागतात. परत यायला किती वेळ लागेल, हे मात्र पिशवीत काय आहे यावर ठरते. पिशवी रिकामी असेल तर तो पाऊण तासाचा प्रवास होतो, कारण वाटेवरचा प्रत्येक माणूस मला थांबवतो आणि एकच प्रश्न विचारतो, "कितें गावलें?", म्हणजे काय मिळाले? तावेर्नीच्या, म्हणजे दारूच्या दुकानाच्या, बाकावर बसलेले दोघे विचारतात, पावाची टोपली रिकामी करून परतणारा पोदेर विचारतो, बसची वाट पाहणारी मुले विचारतात आणि देवळाच्या पायरीवर चपला शोधत असलेले गृहस्थही, चपला सापडण्यापूर्वी, हेच विचारतात. बँकेतून परतणाऱ्या माणसाला "आज किती काढले?" असे भर रस्त्यात विचारण्याची पद्धत नाही. हातात मासे धरायची गरीची काठी असली की मात्र त्या माणसाचा हिशेब सार्वजनिक होतो. गेली सत्तावीस वर्षे मी हा हिशेब देत आलो आहे. "पाणी बरे नव्हते", "वारा उलटा होता" आणि "एक लागली होती, पण सुटली" ही माझी तीन उत्तरे आता गावात इतकी पाठ झाली आहेत की, अलीकडे लोक प्रश्न विचारून उत्तरही स्वतःच देतात आणि मला फक्त मान हलवायची तसदी घ्यावी लागते.

मी ज्या माशाच्या मागे लागलो आहे, त्याला आमच्याकडे चणक म्हणतात. अलिबाग-पेणच्या बाजूला तोच जिताडा, ऑस्ट्रेलियात बारामुंडी, शास्त्रज्ञांच्या कागदांत 'लेट्स कॅल्कॅरिफर' आणि किनाऱ्यावरच्या महागड्या हॉटेलांच्या यादीत 'एशियन सी बास' असतो. या शेवटच्या नावाने मागवल्यास तो सर्वांत महाग पडतो. चणक 'तो' की 'ती' हा व्याकरणाचा प्रश्न निसर्गानेच विचित्र रीतीने सोडवला आहे. हा मासा वयात येतो तेव्हा बहुधा नर असतो आणि काही वर्षांनी, चांगला मोठा झाला की, मादी होतो. म्हणजे लहान असेपर्यंत 'तो' आणि मोठेपणी 'ती'. माझ्या हातून सुटलेल्या सर्व चणकी मोठ्या होत्या, त्यामुळे मी 'ती' म्हणतो.

माझे या विषयातले शिक्षण दुर्दैवाने अमेरिकेत झाले. मी तिथे कधी गेलेलो नाही, पण भ्रमणध्वनीच्या पडद्यावर रात्रीच्या रात्री जागून मी तिथल्या बास-पंडितांची प्रवचने ऐकली आहेत. त्यांचा बास म्हणजे लार्जमाउथ बास, गोड्या पाण्यातल्या तळ्यांचा रहिवासी. त्याचा आणि आमच्या चणकेचा संबंध एवढाच की, दोघांचे तोंड मोठे आहे आणि दोघांना आडोशाला दबा धरून बसायची सवय आहे. तरीही मी आमिष बांधायच्या त्यांच्या तऱ्हा शिकलो: टेक्सस रिग शिकलो, ड्रॉप शॉट शिकलो आणि मऊ प्लॅस्टिकच्या गांडुळाला पोटाच्या मधोमध गळ टोचून पाण्यात नुसते थरथरत ठेवायचे, हेही शिकलो. जॉर्ज पेरी नावाच्या माणसाने १९३२ साली जॉर्जियात धरलेला १० किलोंहून थोडा अधिक वजनाचा बास आजही विक्रम मानला जातो, आणि २००९ साली जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी धरलेला बास काही ग्रॅमने जड असूनही त्यांना फक्त बरोबरीचा मान मिळाला, कारण नियमाने लागतो तेवढा फरक भरला नाही, हे मी घरी जेवताना सांगितले आहे. पेरीने त्या माशाचे काय केले, असे आईने विचारले. घरी नेऊन खाल्ला, असे मी म्हणालो. "शहाणा होता," आई म्हणाली आणि माझ्या ताटात वाल वाढले.

विद्या झाली की अवजारे आलीच. बेटकास्टिंग रीळ नावाचे जे यंत्र असते, त्यात दोरीचे पिंप स्वतः फिरते. फेक संपल्यावर ते अंगठ्याने नेमक्या क्षणी थांबवावे लागते. तो क्षण चुकला की, आमिष थांबते आणि पिंप फिरतच राहते, आणि पुढच्या सेकंदात त्या सुबक यंत्राच्या पोटात असे काही तयार होते की, अमेरिकेतले लोक त्याला पक्ष्याचे घरटे म्हणतात. आपल्याकडे यासाठी अधिक नेमका शब्द आहे: गुंतवळ. माझ्या बहिणीच्या लहानपणी आई जशी तिला दोन गुडघ्यांत धरून गुंता सोडवत असे, तसा मी कित्येक संध्याकाळी बांधावर रीळ गुडघ्यांत धरून बसलो आहे, आणि समोर मासे उसळ्या मारत असताना माझी काठी गवतात पडून राहिलेली आहे. माझे ठाम मत असे की, खाडीकाठी रात्री गरवणाऱ्या माणसाने साधे, पिंप न फिरणारे स्पिनिंग रीळ वापरावे. हे मत मला दोन बेटकास्टर विकत घेतल्यानंतर झाले.

दोरीचीही अशीच कथा आहे. पूर्वी आम्ही तंगूस, म्हणजे नायलॉनची एकपदरी दोरी, वापरत होतो. ती ताणली की रबरासारखी लांबते, त्यामुळे पलीकडे मासा लागला आहे की पाणवनस्पती, हे हातापर्यंत पोचेतो मासा निघून गेलेला असतो. आता बारीक धाग्यांची वेणी घातलेली दोरी मिळते. ती ताणत नाही आणि तिला ब्रेड म्हणतात. "पणजीहून ब्रेड आणायचा आहे, साडेबाराशेचा," असे मी एकदा बोलून गेलो आणि दारात रोज सकाळी पोदेर येत असताना हा काय प्रकार, म्हणून घरात दोन दिवस चौकशी चालली. या ब्रेडच्या टोकाला फ्लोरोकार्बन नावाच्या जाड दोरीचा हातभर तुकडा जोडावाच लागतो, कारण चणकेच्या कल्ल्याच्या झाकणाची कड वस्तऱ्यासारखी असते, आणि त्यातून ती वाचली तरी मानशीच्या दगडांवरची कालवे दोरी कापायला बसलेलीच असतात. हे दोन धागे जोडण्यासाठी जी गाठ लागते, तिचे वीसेक वेढे एकाआड एक उलटसुलट घ्यावे लागतात. घरी टेबलावर, दिव्याखाली, चष्मा लावून मी ती चार मिनिटांत बांधतो. बांधावर तिन्हीसांजेला, डास कानाशी तंबोरा लावत असताना, दोरीचे एक टोक दातांत धरून मी ती पंचवीस मिनिटांत बांधतो, आणि त्याच वेळी मागून कोणीतरी "कितें गावलें?" म्हणून विचारतो. दातांत दोरी असल्याने उत्तर देता येत नाही, हा त्यातल्या त्यात लाभ.

ल्यूरविषयी, म्हणजे खोट्या आमिषांविषयी, मी फार बोलू नये असे पत्नीचे म्हणणे आहे. पण काही गोष्टी सांगणे कर्तव्य आहे. फिनलंडमधल्या लाउरी रापालाने १९३६ साली बाटलीच्या बुचासारख्या बुचाचा मासा कोरला आणि त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवली. जखमी मासा कसा डगमगत पोहतो ते त्याने नीट पाहिले होते, कारण मोठे मासे कळपातला नेमका तोच टिपतात. यातली नक्कल फक्त डगमगण्याची आहे, हे ध्यानात घ्यावे. आज दुकानात जे सातशे-आठशे रुपयांचे मासे टांगलेले असतात, त्यांच्या अंगावरचे खवले, डोळ्यांतली चमक आणि पोटावरची गुलाबी छटा चणकेसाठी नसून माझ्यासाठी रंगवलेली असते, हे मला कळते, आणि कळूनही मी ते घेतो. गढूळ पाण्यात पोपटी नाहीतर काळा, निवळ पाण्यात चंदेरी, एवढेच रंगांविषयी माझे मत आहे. या तीन रंगांत माझ्याकडे चौसष्ट ल्यूर आहेत. आणखी एकोणीस तिवराच्या मुळांत, चिप्पीच्या फांद्यांवर आणि एक विजेच्या तारेवर आहे. केंड नावाचा फुगीर मासा मऊ प्लॅस्टिकच्या कोळंबीची शेपटी असा सफाईने कापून नेतो की, शिंप्याने पाहावे. मुळांत अडकलेले ल्यूर मी पाण्यात उतरून सोडवत नाही, कारण कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. आमच्या परिसरातल्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर करून तिची पूजा करतात, आणि एवढे करूनही ते लोक विनाकारण पाण्यात पाय घालत नाहीत. माझी तर पूजाही केलेली नाही.

आता मानशीवरच्या काकांविषयी सांगितले पाहिजे. खाजनाच्या बांधात मानस असते, म्हणजे पाण्याचा दरवाजा. भरती आली की नदीच्या दाबाने दार मिटते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतले पाणी दार ढकलून बाहेर पडते आणि त्याबरोबर आतली सुंगटे, म्हणजे कोळंबी, आणि बारीक शेवटे मासे खेचले जातात. चणक ही अर्थातच त्या प्रवाहात पोहत नाही. प्रवाहाच्या कडेला, जिथे पाणी गरगर फिरते तिथे, ती पंगतीतल्या ज्येष्ठ पाहुण्यासारखी स्वस्थ उभी असते आणि वाढप तिच्यापर्यंत येते. हे सर्व मी तीन पुस्तके आणि असंख्य चित्रफितींमधून शिकलो. काका, जे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, हे जन्मतः जाणतात. त्यांच्याकडे काठी नाही, रीळ नाही. एका रिकाम्या बाटलीला गुंडाळलेली तंगूस, एक गरी आणि नारळाच्या करवंटीत चार जिवंत सुंगटे एवढाच संसार. ते दोरी भिरकावतात, बाटली पायाच्या अंगठ्याशी ठेवतात आणि विडी पेटवतात. माझ्या पेटीतली एकेक वस्तू हातात घेऊन ते कौतुकाने पाहतात, किंमत विचारतात, ऐकतात आणि काहीही न बोलता परत ठेवतात. टीकेचा इतका परिणामकारक प्रकार मी अन्यत्र पाहिलेला नाही.

एका बाबतीत मात्र काकांचे आणि माझे मत जुळते: चणक अंधार पडताना, पाणी ओसरत असतानाच खाते. आता ओहोटी कधी लागणार, यासाठी माझ्या भ्रमणध्वनीत एक सोय आहे, पण जुना हिशेब तेवढाच चालतो. तिथीची पाऊणपट करावी; येईल तो आकडा समुद्रावरच्या पूर्ण भरतीचा ढोबळ तास. आमच्याइतके आत पाणी पोचायला त्यावर तासभर धरावा. अष्टमीला भरती सहाला, आणि शिवाय भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटीचे दिवस, असल्याने पाण्याला ओढच नाही. पौर्णिमेला उधाण असते खरे, पण भरती भर दुपारी होते आणि अंधार पडेपर्यंत पाणी संपून चिखल उघडा पडतो. मग उरते काय? चतुर्थी. चार पाऊणे तीन. तिनात एक मिळवून चार. चारला ओहोटी लागते, सहा-सात वाजता पाण्याला ऐन ओढ असते आणि उधाण नुकतेच सरल्यामुळे पाण्यात जोरही असतो. अशा रीतीने खगोलशास्त्र, भूगोल आणि मत्स्यशास्त्र यांनी एकमताने ठरवलेली सर्वोत्तम संध्याकाळ ही वद्य पक्षात संकष्टी आणि शुद्ध पक्षात विनायकी असते, आणि त्या दोन्ही दिवशी आमच्या घरात मासा शिजत नाही. गणपतीशी माझे काही वैर नाही. तरी हा योगायोग म्हणण्यापलीकडचा आहे.

गेल्या कार्तिकातल्या संकष्टीला, बुधवारी, मी मानशीवर होतो. काका आले नव्हते. पाणी ताकाच्या रंगाचे आणि वारा पडलेला. मी पोपटी ल्यूर गरगरत्या पाण्याच्या कडेला टाकला, दोनदा हिसका दिला, थांबलो. थांबणे हेच खरे कौशल्य आहे. नवशिक्यांना ते जमत नाही, आणि मलाही त्या दिवशी डास चावल्यामुळे जमले. मी मान खाजवत असताना पाण्यातून 'बुप्' असा, मोठा बूच निघाल्यासारखा, आवाज आला आणि काठी कमानीसारखी वाकली. चणक उसळी मारते तेव्हा काठी तिच्या दिशेने झुकवायची असते, म्हणजे दोरी सैल पडून तुटत नाही आणि डोके झटकताना गळ फेकला जात नाही. थोडक्यात, तिला वाकून नमस्कार करायचा असतो. मी सात नमस्कार केले. तिचे डोळे माझ्या विजेरीच्या उजेडात निखाऱ्यासारखे लाल दिसत होते. वीस मिनिटांनी साडेचार किलोंची चणक बांधावर आली. या वजनाला बहुधा ती अजून 'तो'च असावी. पण त्या क्षणी मला शास्त्र आठवले नाही.

मी परत निघालो तेव्हा माशाचे शेपूट पिशवीबाहेर राहील, याची काळजी घेतली होती. तावेर्नीच्या बाकावर कोणी नव्हते. बसथांबा रिकामा होता. पोदेर केव्हाच घरी गेला होता. देवळात आरती चालू होती आणि सगळे गाव आत, रस्त्याकडे पाठ करून उभे होते. मी पायरीपाशी सायकल थांबवून दोनदा घंटीही वाजवली. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदाच मी दहा मिनिटांत घरी पोचलो.

दारात आई चंद्रोदयाची वाट पाहत उभी होती. तिने पिशवीकडे पाहिले, आकाशाकडे पाहिले आणि म्हणाली, "उंबऱ्याच्या आत आणू नकोस." बर्फात घालून ठेवू, अशी मी विनवणी केली, तर आतून पत्नी म्हणाली, "अहो, फ्रिजमध्ये मोदकांचे सारण आहे आणि उद्या गुरुवार आहे." त्यामुळे सव्वाआठ वाजता, मोजमाप न होता, छायाचित्र न निघता, ती चणक कुंपणावरून शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाकडे गेली. रात्री रव्यात तळल्याचा वास आला तेव्हा मी साबुदाण्याची खिचडी खात होतो.

शुक्रवारी सकाळी शेजारीणबाई कागदाची पुडी घेऊन कुंपणाशी आल्या. चणक एक नंबर होती, असे सांगून त्यांनी माझा पोपटी ल्यूर स्वच्छ धुऊन परत दिला. शिवाय घशात खोलवर हेही होते, असे म्हणून एक गंजलेली गरी हातावर ठेवली. तिला वीतभर तंगूस होती. संध्याकाळी मी ती मानशीवर नेली आणि काकांना दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, गाठ अंगठ्याने चाचपली आणि विडी तोंडातून न काढता म्हणाले, "ही गरी म्हजी. चवथीच्या आदीं व्हेल्ली तिणें." म्हणजे गरी त्यांची, गणेशचतुर्थीच्या आधी तिने नेलेली. मग थोडा वेळ पाण्याकडे पाहून त्यांनी शांतपणे विचारले, "माझ्या चणकेतला माझा वाटा कुठे आहे?"